गोधडी दुप्पट, पट्ट्या चौपट

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे पट्ट्यांच्या गोधडीवर लेख आला होता, फोटो पण छान होता, आणि आमच्या इकडे तो लेख किती फिरला याचा तुम्हाला अंदाज नसेल. आमच्या गावात पेपर एसटीने येतो, आधी पानठेल्यावर, मग ग्रामपंचायतीत, आणि पुरवणी तेवढी वेगळी निघून बायांच्या हाती लागते. या लेखाचं कात्रण तर कितीतरी घरी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेलं आहे. लेखातलं बहुतेक सगळं बरोबर आहे. बाळाची गोधडी, तयार माप ३६ बाय ४२ इंच, अडीच इंच रुंदीच्या १८ पट्ट्या, ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड सव्वा मीटर, हे मी कागदावर मांडून पाहिलं, जमतं. घोळ आहे तो शेवटच्या एका ओळीत. मोठी गोधडी हवी असेल तर सगळं साहित्य दुप्पट घ्या, असं तिथे लिहून दिलंय. ते चूक आहे साहेब, आणि त्या एका ओळीपायी इकडे बायांची दोनदा दोनदा तालुक्याची चक्कर झाली म्हणून हे पत्र.

झालं असं की शेजारच्या गावातल्या बचत गटाला लग्नाच्या रुखवतासाठी डबल बेडच्या गोधड्यांचं काम मिळालं. माप ठरलं ७२ बाय ८४. म्हणजे तुमच्या लेखातल्या गोधडीची लांबी पण दुप्पट आणि रुंदी पण दुप्पट, मग बायांना वाटलं झालंच काम, पेपरात लिहिलेलंच आहे, दुप्पट कापड घ्यायचं. अडीच मीटर आणलं, ३६ पट्ट्या कापल्या, दिवसभर कापूस वेचून आल्यावर रात्री बसून जोडल्या, पलंगावर टाकून पाहिल्या तर अर्धा पलंग उघडा. एक जण माझ्याकडे आली, "पेपरात तं दुप्पटच लिवलं हाय वो वयनी, मंग बाकीची अर्धी कुठं गेली?" मी इथे ब्लाऊज, परकर, शाळेचे ड्रेस शिवते, म्हणून मापाचं काही अडलं की येतात. पुन्हा दुकानात गेल्या तर त्या छापाचं थान संपलेलं. दुसऱ्या थानातला तोच लाल रंग दुकानात सारखा वाटतो आणि घरी उन्हात जवळ ठेवला की एक मळका दिसतो एक भडक. रुखवतात मांडायची वस्तू, तिथे चार बाया बोटं लावून पाहणार, असं कसं चालेल.

आता यात गणित काही फार मोठं नाही. दोन एकराचं वावर आहे, त्याची लांबी दुप्पट केली आणि रुंदी पण दुप्पट केली तर वावर आठ एकर होतं, चार होत नाही, हे आमच्या इकडे कोणालाही विचारा, शाळेत न गेलेला माणूस पण सांगेल. पण कापडाचं आलं की तोच माणूस फसतो कारण कापड आपण मीटरवर मोजतो, एका बाजूनेच, पन्हा तर ठरलेलाच असतो म्हणून त्याच्याकडे लक्षच जात नाही. ३६ बाय ४२ आणि ७२ बाय ८४ यांच्यात फरक चौपटीचा. १८ पट्ट्यांच्या जागी ७२ पाहिजे होत्या.

७२ कुठून आल्या ते नीट सांगते, कारण पुढच्या वेळी माप वेगळं असेल, कोणाला दिवाणाची पाहिजे कोणाला बाजेची, तेव्हा प्रत्येक वेळी चारने गुणून चालणार नाही, रीत माहीत पाहिजे. अडीच इंचाची पट्टी शिवल्यावर अडीच राहत नाही. दोन्ही कडांना दोन दोन सूत, म्हणजे पाव पाव इंच, मार्जिनमध्ये आत जातं आणि दिसायला दोन इंच उरते. म्हणून ७२ इंच रुंदीला ७२ भागिले २, ३६ ओळी. एकेक ओळ ८४ इंच लांब, त्यात दोन्ही टोकांचं मार्जिन आणि थोडं हातचं म्हणून एक इंच वाढवायचं, ८५. छत्तीस गुणिले पंच्याऐंशी, ३०६० इंच लांबीची एकूण पट्टी लागणार. आता कापडाचा पन्हा ४४ म्हणतात पण किनार काढली की हाती ४३ च येतो, आणि एक पट्टी दुसरीला जोडताना अर्धा इंच जोडात जातो, तर एक पट्टी कामाला येते साडेबेचाळीस इंच. ३०६० ला ४२.५ ने भागा, बरोबर ७२. एक पट्टी अडीच इंच, म्हणून ७२ पट्ट्यांना १८० इंच कापड, मीटरमध्ये ४.५७. आणायचं पाच. कारण दुकानदार कापड फाडतो ते सरळ धाग्यात फाडेलच असं नाही, घरी आणून एक धागा ओढून काठ सरळ केला की इंच दोन इंच तिथेच जातात, आणि पट्टी तिरपी कापली गेली तर धुतल्यावर अख्खी गोधडी एका बाजूला ओढते.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट मार्जिन आहे आणि तुमच्या लेखात तो शब्दच नाही. पाव इंच मार्जिन नव्या, घट्ट विणीच्या कॉटनला ठीक आहे. आमच्या इकडे गोधडी बहुतेक जुन्या लुगड्याची, धोतराची, वापरलेल्या साड्यांची होते, त्या कापडाला पाव इंच मार्जिन ठेवलं तर दोन धुण्यांत शिलाई उसवून येते, धागेच सुटतात. म्हणून जुन्या बाया अर्धा इंच धरतात आणि बरोबर धरतात. पण मग हिशोब पार बदलतो. अडीच इंचाची पट्टी दिसायला दीडच इंच उरते, ओळी ३६ च्या ४८ होतात, जोडात अर्ध्याऐवजी एक इंच जातो, आणि पट्ट्या लागतात ९८. गोधडी तीच, पट्टी तीच, फक्त मशीनचा पाय दोन सूत सरकला आणि २६ पट्ट्या वाढल्या, कापड सव्वासहा मीटरच्या घरात गेलं. मी म्हणते कापड जुनं असेल तर पट्टी अडीचची ठेवूच नका, तीनची किंवा साडेतीनची कापा.

आणि पट्टीची रुंदी हा पण एक प्रकार आहे. त्या गटातल्या एकीने डोकं चालवलं, म्हणाली सगळंच दुप्पट करायचं तर पट्टी पण अडीचची पाच करू, ओळी १८ च ठेवू, कशाला ७२ पट्ट्या कापत बसायचं. विचार वाईट नव्हता. पण पट्टी दुप्पट झाली म्हणून मार्जिन दुप्पट होत नाही, ते पाव इंच ते पाव इंचच, तर पाचची पट्टी दिसायला चार नाही साडेचार उरते. १८ ओळी केल्या असत्या तर गोधडी ८१ इंच रुंद झाली असती, पलंगाच्या बाहेर. १६ ओळीच पुरतात, १६ गुणिले साडेचार बरोबर ७२. त्याला पट्ट्या लागतात ३२ आणि कापड १६० इंच, चार मीटर आणि वर थोडं. म्हणजे अडीचच्या पट्टीपेक्षा २० इंच कापड कमी. साडेतीनची पट्टी घेतली, दिसायला तीन, तर २४ ओळी, ४८ पट्ट्या, १६८ इंच. जितकी बारीक पट्टी तितकं कापड शिलाईत जास्त जातं, आणि शिलाई पण तितकीच वाढते. अडीचच्या पट्टीत ओळींच्या मधल्या ३५ शिलाया, प्रत्येक ८५ इंच, म्हणजे पंचाहत्तर मीटरच्या आसपास नुसती सरळ शिलाई, वरचा दोरा आणि बॉबिन धरून दोरा त्याच्या अडीच-तीन पट जातो. साडेतीनच्या पट्टीत २३ च शिलाया. पायाच्या मशीनवर हा फरक पोटऱ्यांना कळतो. दिसायला बारीक पट्टी गोड दिसते हे कबूल, पण रोज अंगावर घ्यायच्या गोधडीला मी तरी साडेतीनच सांगेन, रुखवताला अडीच ठीक आहे, ती तशीही कपाटातच जाते.

कापड आणायच्या आधी घरातली पेटी उघडा असं मला तुमच्या लेखात वाचायला आवडलं असतं. आमच्याकडे प्रत्येक बाईच्या पेटीत ओटीत आलेल्या ब्लाऊज पिसांची चळत पडलेली असते, हिने दिला तिला, तिने दिला तिसरीला, फिरून फिरून तोच पीस परत आपल्याच ओटीत येतो असे पण किस्से आहेत. ८० सेंटीमीटरचा पीस म्हणजे साडेएकतीस इंच, त्यातून अडीचच्या १२ पट्ट्या निघतात आणि दीड इंच उरतो. सहा पीस, बहात्तर पट्ट्या, डबल बेडची गोधडी झाली, सहा रंगांची! पण टेप लावल्याशिवाय कात्री लावू नका कारण ओटीच्या पिसांचा काही नेम नसतो. कोणी ७५ सेंटीमीटरचा देतं, त्यात ११ च पट्ट्या येतात आणि सहाच्या जागी सात पीस लागतात. कोणाचा पन्हा ३६ निघतो, तिथे पट्टी कामाला येते साडेचौतीस इंच, मग ७२ नाही ८९ पट्ट्या आणि आठ पीस. आणि सिल्कसारखा चकाकणारा पॉलिस्टर पीस कॉटनमध्ये घालू नका, कॉटन पहिल्या धुण्यात आखडतं, पॉलिस्टर आखडत नाही, मग पट्टीला बाजूच्या पट्टीने चुणी पडते ती इस्त्रीने पण जात नाही.

इथे एक बारीक गोष्ट. वेगवेगळे रंग घेतले की हिशोब प्रत्येक रंगाचा वेगळा करायचा आणि प्रत्येक ठिकाणी वरचा आकडा धरायचा. एकूण साडेचार मीटर लागतं म्हणून सात रंगांत वाटून प्रत्येकी ६५ सेंटीमीटर आणलं की प्रत्येक रंगात शेवटी एक अर्धवट पट्टी उरते जी कशातच बसत नाही, आणि सात रंगांच्या मिळून दोन-तीन पट्ट्या कमी भरतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ७५.६ आलं तर ७६ कापायच्या, शाळेत शिकवलेलं पॉइंटनंतरचं इथे लावायचं नाही, ७५.१ आलं तरी ७६ च.

जोड कुठे येतात हे पण पाहा. ८५ इंचाची ओळ दोन पट्ट्यांत होते म्हणून सगळ्यांनी दोन दोन जोडल्या तर प्रत्येक ओळीचा जोड बरोबर मधोमध, गोधडीच्या पोटावर वरून खालपर्यंत जोडांची एक रांग तयार होते, दिसतं वाईट आणि घडीची जागा पण तीच असल्यामुळे उसवतं पण तिथूनच. काही पट्ट्या मुद्दाम तोडून लहान-मोठ्या करायच्या, एका ओळीची सुरुवात लांब तुकड्याने, दुसरीची आखूड. पण प्रत्येक जादा जोडाला अर्धा इंच द्यावा लागतो, म्हणून चार-पाच पट्ट्या वरच्या कापून ठेवा. काही जणी जोड उरेब मारतात, तिरपा, तो सुंदर दिसतो आणि जाडपणा एका जागी येत नाही, पण त्याला प्रत्येक जोडात अर्धा नाही अडीच इंच जातात, पट्टीच्या रुंदीएवढे. मग पट्टी साडेचाळीसच कामाला येते आणि ७२ च्या ७६ लागतात.

आणि लांब पट्ट्या जोडताना सगळ्या एकाच बाजूने शिवायला घेऊ नका. पहिली शिलाई वरून खाली मारली तर पुढची खालून वर. मशीनचे दात खालचं कापड थोडं जास्त ओढतात, वरचं मागे राहतं, ते एका शिलाईत दिसत नाही पण दहा-बारा ओळींनंतर गोधडी कमानीसारखी वाकलेली दिसते, मग कोणी म्हणतं कापड खराब निघालं.

आता आमच्याकडच्या कॉलेजच्या पोरी यूट्यूबवर पाहून ते जेली रोल रेस करून राहिल्या. तयार रोल ऑनलाइन मिळतो, साधारण ४० पट्ट्या, अडीच इंचाच्याच. सगळ्या एकामागे एक जोडून १६०० इंचाची एक लांबच लांब पट्टी करायची, तिची दोन टोकं एकत्र आणून उभी शिलाई मारायची, घडी कापायची, पुन्हा तसंच. पाच वेळा केलं की ३२ ओळी होतात, ६४ बाय ५० ची गोधडी तयार, एका संध्याकाळी. मला हा प्रकार फार आवडला, हिशोब कमी आणि मजा जास्त. पण त्यात पण मोठी करायला गेलं की तीच अडचण. दोन रोल घेतले, ३२०० इंच झाले, पाच घड्यांत ६४ बाय १०० होते आणि सहा घड्यांत १२८ बाय ५०. पहिली पलंगाला अरुंद आणि पायथ्याला लोळणारी, दुसरी म्हणजे दारातली पट्टीच. घडी घातली की ओळी दुप्पटच होतात, २, ४, ८, १६, ३२, मधले आकडे मिळतच नाहीत. पलंगाच्या मापाची ३६ ओळींची पाहिजे तर ३२ ओळी घडीने करा, त्याला २७२० इंच म्हणजे बरोबर ६४ पट्ट्या, आणि राहिलेल्या चार ओळी सुट्या जोडून घ्या किंवा त्याऐवजी दोन्ही बाजूला चार चार इंचाचा काठ लावा. रोल घेणार असाल तर एक रोल आणि वरून २४-२५ पट्ट्यांचं कापड, दुसरा रोल कशाला.

पलंगाचं माप पण आधी घ्या. डबल बेड म्हणून सगळे सारखे नसतात, ६ बाय सव्वासहा फुटाचा असतो, साडेसहाचा असतो, ५ फूट रुंदीचा पण असतो. ७२ बाय ८४ ही फक्त वरचा भाग झाकते, बाजूने लोंबत नाही. दोघांनी ओढाओढ न करता झोपायचं तर दोन्ही बाजूला नऊ नऊ इंच वाढवा, ९०. या लांबीला एका ओळीला दोन पट्ट्या लागतात, नऊ ओळी वाढल्या म्हणजे १८ पट्ट्या, तुमच्या लेखातल्या बाळाच्या अख्ख्या गोधडीएवढ्या, फक्त लोंबण्यासाठी.

जुन्या साडीचं सांगायचं राहिलं. सहावारी साडी साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच. पट्टी आडवी न फाडता साडीच्या लांबीत फाडली तर एकेक पट्टी २१६ इंच येते, त्यात दोन ओळी पूर्ण होतात आणि जोड फार कमी राहतात. सगळ्या मिळून १५ पट्ट्या पुरतात, म्हणजे पन्ह्यातले साडेसदतीस इंच. एका चांगल्या साडीत डबल बेडच्या गोधडीचा वरचा थर निघतो असं कागदावर दिसतं. पण गोधडीला चांगली साडी देतं कोण? जी येते ती बसण्याच्या जागी विरलेली असते, उजेडासमोर धरली की आरपार दिसते. तेवढं काढून टाका आणि दोन साड्या धरा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून मिलच्या लुगड्यांच्या आठवणी काढतात, पुलगाव, हिंगणघाट, नागपूरची एम्प्रेस मिल, तेव्हाचं लुगडं म्हणे गोधडीत गेल्यावर पण वर्षानुवर्षं टिकायचं. आता मिलही बंद आणि लुगडंही दिसत नाही, कापूस मात्र आमच्याच वावरातून जातो आणि मीटरने परत येतो, असो.

अस्तराचं पण चौपटच. लहान गोधडीला एक पन्हा पुरतो, सव्वा मीटरमध्ये भागतं. मोठीला चारी बाजूंनी चार चार इंच जास्त पाहिजे कारण धावदोरा घालताना कापड आखडत जातं, म्हणजे ८० बाय ९२. एका पन्ह्यात बसत नाही, दोन पन्हे जोडायचे, ९२ चे दोन, १८४ इंच, पावणेपाच मीटर. मधल्या थराला जुन्या साड्या असतील तर त्यांचा हिशोब ठेवायची गरज नाही, त्या जशा पुरतील तशा पसरायच्या, जिथे पातळ वाटेल तिथे एक तुकडा आणखी.

आणि आता तुमची बाजू पण घेते साहेब. दुप्पट घ्या हे एका जागी अगदी बरोबर आहे, गोटाला. गोट फक्त कडेने फिरतो. लहान गोधडीची कड १५६ इंच, कोपऱ्यांना आणि शेवटच्या जोडाला बारा इंच धरले तर १६८, त्याला चार पट्ट्या. मोठीची कड ३१२, बारा धरून ३२४, त्याला आठ. बरोबर दुप्पट. ३२४ इंच म्हणजे मोजून नऊ वार, ही गंमत मी गटात सांगितली तेव्हा एक आजी म्हणाली, "म्हंजे गोधडीले बी नऊवारीच नेसवा लागते." लेख लिहिणाऱ्या ताईंनी बहुतेक गोटाचा हिशोब केला असेल आणि तोच सगळ्याला लावला असेल.

माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापा, आणि यापुढे शिवणकामाचं काही छापाल तेव्हा चार गोष्टी न विसरता द्या. तयार माप किती, कापायचं माप किती, मार्जिन किती धरलंय आणि कापडाचा पन्हा किती. हे चार आकडे असले की कोणतीही बाई आपल्या पलंगाचा हिशोब स्वतः करून घेईल, मग शेवटची ती ओळ लिहायची गरजच पडणार नाही. दुरुस्ती कोपऱ्यात बारीक अक्षरात छापू नका, फोटोसकट छापा, आमच्या इकडे कात्रण फोटो पाहूनच कापतात. त्या गटाचं काम तसं निभावलं, कमी पडलेल्या पट्ट्यांच्या जागी त्यांनी एकाआड एक पिवळी ओळ घातली आणि नवरीकडच्यांना ती जास्त आवडली, पण तो कापडाचा खर्च गटाच्या हिशोबाच्या वहीत मांडायचा कसा यावरून बैठकीत दोन तास गेले.

कळावे,
आपल्या पेपरची एक वाचक, शिलाई काम करणारी,
ता. आर्णी, जि. यवतमाळ

ता. क. : अस्तराला मांजरपाट घेणार असाल तर आणल्या आणल्या कापू नका. रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, मग माप घ्या, कारण ते चांगलंच आखडतं, म्हणून पावणेपाचच्या जागी सव्वापाच मीटर आणा. लाल आणि मरून पट्ट्यांचं कापड पण वेगवेगळं भिजवून रंग जातो का पाहा, पांढऱ्या पट्टीशेजारी लागला की मग काही उपाय नाही.